उटी ते वाशीम : ‘बीइंग मॉर्टल’चं उशिराचं वाचन

सात वर्षांपूर्वी, २०१८ साली, एका छोट्या त्रैमासिकात मी अतुल गावंडे यांच्या ‘बीइंग मॉर्टल’ या पुस्तकावर लेख लिहिला होता. लेख बरा उतरला असं चारदोन वाचकांनी कळवलंही. गावंडे यांचे प्रश्न त्यात मी मराठीत मांडून दाखवले होते आणि शेवटी ठामपणे म्हटलं होतं, की आपल्याकडे म्हाताऱ्या, आजारी माणसाला हे प्रश्न कोणी विचारत नाही. विचारायला लागलो की निम्मं काम झालं. प्रस्तुत लेख ही त्या विधानाची दुरुस्ती आहे. मधल्या काळात माझ्या आईचं ऑपरेशन झालं. त्याच्या संमतीपत्रावर सही माझी आहे. ती सही केली तेव्हा हे पुस्तक मी दोनदा वाचलेलं होतं.

मी पतसंस्थेतला कारकून. विद्यापीठाशी माझा संबंध बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षापुरता. इंग्रजी पुस्तक शब्दकोश शेजारी ठेवून वाचतो, त्यामुळे हळू वाचतो. खरी आवड वाकाटकांची. १९३९ साली उजेडात आलेल्या विंध्यशक्ती दुसऱ्याच्या वाशीम ताम्रपटावर मिराशींनी आणि इतरांनी काय काय लिहिलं, ते गोळा करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. वैद्यकावरच्या पुस्तकाकडे मी वळलो ते केवळ एका गावाच्या नावामुळे. गावंडे घराणं यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातल्या उटीचं. वाशीमहून पुसदमार्गे उमरखेडला एसटीने जाता येतं. जगभर गाजलेल्या पुस्तकात आपल्या शेजारचं गाव आहे, या कौतुकानेच मी ते हातात घेतलं. कौतुकाने वाचलेल्या पुस्तकात काय सुटतं, हे मला नंतर कळलं.

पुस्तकातलं मध्यवर्ती प्रकरण लेखकाच्या वडिलांचं आहे. आत्माराम गावंडे उटीतून निघून डॉक्टर झाले, अमेरिकेत गेले आणि ओहायो राज्यातल्या अथेन्स या लहान गावात मूत्ररोगाचे शल्यविशारद म्हणून त्यांनी आयुष्य काढलं. पत्नी बालरोगतज्ज्ञ, मुलगा बोस्टनमध्ये सर्जन. २००६ साली, सत्तरी गाठल्यानंतर, त्यांची मान दुखायला लागली, डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. तपासणीत मज्जारज्जूच्या आतच वाढणारी गाठ निघाली. दोन सर्जनांची मतं घेतली गेली. बोस्टनचे म्हणाले, ताबडतोब उघडा. क्लीव्हलँडचे एडवर्ड बेन्झेल म्हणाले, थांबता येईल. बोस्टनचे डॉक्टर आत्मारामांच्या प्रश्नांनी त्रासले. बेन्झेल संगणकाकडे पाठ करून त्यांच्यासमोर बसले आणि काय काय घडू शकतं ते त्यांनी सावकाश सांगितलं. ऑपरेशनने हातपाय जाऊ शकतात आणि गाठ तशीच ठेवली तरी जाऊ शकतात, मग कशाची भीती जास्त? आत्मारामांनी बेन्झेलना निवडलं आणि ते थांबले. त्या काळात त्यांनी आपलं काम केलं, पुढे रोटरीचं प्रांतपालपद सांभाळलं. हातापायातली ताकद जायला लागल्यावर, २०१० साली, ऑपरेशन झालं. ऑगस्ट २०११मध्ये ते गेले.

या हकिकतीला लागूनच दुसरी एक आहे, आणि पुस्तकातली सर्वांत लक्षात राहणारी गोष्ट तीच. सुसान ब्लॉक या आजारी माणसांशी अखेरच्या काळात कसं बोलावं याच्याच तज्ज्ञ. त्यांच्या वडिलांचं, जॅक ब्लॉक यांचं, मानेतल्या मज्जारज्जूचं धोक्याचं ऑपरेशन ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी दवाखान्यातून निघाल्यावर या तज्ज्ञ मुलीच्या लक्षात आलं, की वडिलांना नेमकं काय हवं आहे हे आपल्याला माहीतच नाही. ती परत फिरली आणि विचारलं. मानसशास्त्राचा नामांकित प्राध्यापक उत्तरला, की चॉकलेट आइस्क्रीम खाता आलं आणि टीव्हीवर फुटबॉल पाहता आलं तर बाकीचं सोसायला मी तयार आहे. मुलीला धक्काच बसला. बाबा फुटबॉल पाहतात हेही तिला ठाऊक नव्हतं. ऑपरेशननंतर आत रक्तस्राव झाला, पुन्हा उघडायचं की नाही हे तिला काही मिनिटांत सांगायचं होतं. तिने सर्जनना एवढंच विचारलं, यातून ते वाचले तर त्यांना आइस्क्रीम खाता येईल का, फुटबॉल पाहता येईल का? येईल म्हटल्यावर तिने होकार दिला.

अतुल गावंडे यांनी हीच गोष्ट वडिलांना सांगितली. आत्माराम म्हणाले, एवढ्याने माझं भागणार नाही, मला माणसं हवीत. पूर्ण अपंगत्वाचं भय त्यांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं. म्हणून ऑपरेशनच्या मध्येच रक्तदाब घसरला आणि बेन्झेल बाहेर येऊन थांबू की पुढे जाऊ असं विचारू लागले, तेव्हा मुलाने उलट विचारलं, की हातपाय जाण्याचा धोका कशात जास्त? थांबण्यात, असं उत्तर आलं. मग पुढे जा, असं घरच्यांनी सांगितलं.

२०१८च्या लेखात मी या दोन गोष्टींवर तीन पानं लिहिली होती. गावंडे यांचे प्रश्न वहीत असे उतरवले होते : तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय कळलं आहे? कशाची भीती वाटते? काय साधायचं आहे? त्यासाठी काय सोडायची तयारी आहे आणि काय अजिबात नाही? भाषांतर करताना शेवटच्या प्रश्नाशी अडखळलो होतो. मूळ शब्द व्यापारातला, देवघेवीचा आहे. तो आईला वऱ्हाडीत कसा विचारायचा, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. मला फक्त मराठी प्रतिशब्दाची चिंता होती.

२०२२च्या श्रावणात आई अंगणात पडली. वय चौऱ्याऐंशी, खुब्याचं हाड मोडलेलं, आणि हृदय आधीपासून अशक्त. ॲम्ब्युलन्स मालेगाव, पातूर करत अकोल्याला पोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं ते थोडक्यात असं : ऑपरेशन केलं नाही तर ती अंथरुणाला खिळेल, पाठीला जखमा होतील, छातीत कफ साठेल, आणि बहुधा त्यातच संपेल, केलं तर हृदय साथ देईल याची खात्री नाही, टेबलावरही काही होऊ शकतं, करायचं तर एकदोन दिवसांत करायला हवं. पुण्याहून भाऊ फोनवर म्हणाला, “दादा, सगळं करा, पैशाचं मी बघतो.” रिसोडहून ताई म्हणाली, “काही कापाकापी करू नका. सुखानं जाऊ द्या तिले.” दोघांचं बोलणं मी कॉरिडॉरमध्ये ऐकलं. आई आत, दहा पावलांवर, जागी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका परिचारिकेने कागद पुढे केला. नाव, वय, रुग्णाशी नातं. ‘मुलगा’ लिहिलं. रुग्णाच्या सहीची वेगळी ओळ होती. ती कोरी राहिली. तिने भरायला सांगितलं नाही आणि मीही म्हटलं नाही. आई चौथी शिकलेली, सही करायची. दर महिन्याला पेन्शनच्या कागदावर करायची.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या चव्वेचाळीस वर्षांच्या स्त्रीचं गर्भाशय, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन काढून टाकलं होतं. रुग्ण सज्ञान आहे, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे, जिवावरचा तातडीचा प्रसंग नाही, तेव्हा आईची संमती ही संमतीच नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं. तो निकाल मी वाचलेला होता. तिथे आईने मुलीसाठी होकार दिला होता, इथे मुलाने आईसाठी. आणि आई तर शुद्धीत होती. वाचलेलं आणि करण्यात आलेलं यांच्यामध्ये दवाखान्याचा कॉरिडॉर असतो, आणि त्या कॉरिडॉरमध्ये थोरला मुलगा हा एक हुद्दा असतो.

ऑपरेशन झालं. हृदयाने साथ दिली. आई वॉकर धरून चालायला लागली, पण खोलीतल्या खोलीत. चौदा महिन्यांनी, २०२३च्या ऑक्टोबरात, ती गेली.

जाण्याच्या तीनेक महिने आधी एकदा धीर करून मी तिला विचारलं, “माय, ते आप्रेशन केलं ते बरं केलं का आपण?” मला वाटलं ती म्हणेल, मले कोनं इचारलं होतं. या टोमण्याची माझी तयारी होती. माझ्या जुन्या लेखाचा सिद्धान्तच तो होता. ती म्हणाली, “आता काय इचारतं बाबू? तवा सांगतलं होतं न मीनं.”

सांगितलं होतं. कधी? कोणाला? मी पुढे विचारलं तर ती दुसऱ्याच विषयावर गेली. नंतर बायकोजवळ बोललो, तेव्हा तिने त्या पहिल्या रात्रीची आठवण काढली. मलाही मग आठवलं. सलाईन लावलेली आई छताकडे बघत म्हणाली होती, “घरी तुयशीले पानी कोन टाकून राह्यलं?” आणि थोड्या वेळाने, “आपला संडास आंगनाच्या पल्याड हाय. पावसात फरशी लय निसरडी होते.” मी म्हणालो होतो, “माय, तू आता पड. घरचं पाहू आपण नंतर.” वेदनाशामकामुळे भरकटतेय असं मला वाटलं होतं.

आता मी पुस्तकाकडे परत आलो, आणि माझं जुनं वाचन कुठे लंगडं होतं ते दिसायला लागलं. जॅक ब्लॉक यांचं उत्तर तरी कुठे गंभीर आहे? आइस्क्रीम आणि फुटबॉल! त्यात भीती नाही, ध्येय नाही, मरणाचं नाव नाही. ते उत्तर ठरलं, कारण ऐकणारीने ते उत्तर म्हणून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचाच दोर धरला. कुणी परक्याने ते ऐकलं असतं तर म्हातारा भरकटतोय म्हणाला असता. मी २०१८ साली प्रश्नांची स्तुती केली आणि वहीत प्रश्नच उतरवून घेतले. उत्तर कोणत्या रूपात येईल, याबद्दल माझ्या लेखात एक ओळ नाही.

गावंडे यांच्याही पुस्तकाची एक मर्यादा इथे आहे, आणि ती उटीपासून सुरू होते. आजोबा सीताराम गावंडे जवळजवळ एकशेदहा वर्षं जगले. म्हातारपणी घोड्यावर बसून रात्रीची शेतं फिरून यायचे, घर त्यांच्या शब्दावर चालायचं, मुलंनातवंडं भोवती. मी पहिल्या वाचनात या पानांवर खूश झालो होतो. गावंडे मात्र आपल्यापेक्षा सावध आहेत; या व्यवस्थेत पुढच्या पिढीला काय किंमत द्यावी लागते, जमिनीवर कोणाचा हात राहतो, हेही ते सांगतात, आणि संधी मिळाल्यावर तरुण आणि म्हातारे दोघेही वेगळं राहणंच पसंत करतात असं त्यांचं निरीक्षण आहे. पण एक गोष्ट त्यांच्याही नजरेतून सुटली असं मला वाटतं. सीताराम आजोबा कोर्टाच्या कामाला निघाले असताना बसमधून उतरताना पडले, डोक्याला मार लागला आणि काही दिवसांत गेले. म्हणजे उटीच्या त्या भरल्या घरावर निर्णयाची वेळ आलीच नाही. एकत्र कुटुंबाच्या त्या चित्रात ऑपरेशनचा कागद नाही. तो आला असता तर घोड्यावरून फिरणाऱ्या म्हाताऱ्याचं कोणी ऐकलं असतं की ओसरीवर बसलेल्या पाच मुलांचं, हे सांगता येत नाही.

शिवाय ते चित्र पुरुषाचं आहे. आजीचा, गोपिकाबाईंचा, पुस्तकात उल्लेख आहे तो त्या मलेरियाने लवकर गेल्या एवढ्यापुरता. मुलगा आत्माराम तेव्हा लहान होता. पुढे त्यानेच उमरखेडला उभं राहायला मदत केलेल्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे : गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय. गेल्या वर्षी मी मुद्दाम उमरखेडला जाऊन ती पाटी पाहून आलो. तिथे काही नवीन सापडलं नाही. संशोधनाच्या नावाखाली केलेल्या माझ्या बऱ्याच एसटी प्रवासांसारखाच तोही.

मुद्दा असा, की आत्माराम गावंडे सर्जनला थेट प्रश्न विचारू शकत होते आणि थेट उत्तर देऊ शकत होते, कारण आयुष्यभर त्यांना विचारलं गेलं होतं. ते स्वतः डॉक्टर होते, घरात डॉक्टर होते, दोन शहरांत दोन मतं घ्यायची ऐपत होती, आणि गाठही सावकाश वाढणारी होती. वऱ्हाडातल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला पेरणीत काय घ्यायचं हे विचारलं गेलेलं नसतं, वावर विकताना विचारलेलं नसतं, मुलीची सोयरीक करताना फार तर सांगितलेलं असतं. तिला हवं ते ती आडवळणाने मिळवायला शिकते. दिवाळीला लुगडं हवं असेल तर ती शेजारणीच्या लुगड्याचा रंग सांगते. माहेरी जायचं असेल तर भावाच्या घरच्या गाईबद्दल बोलते. साठ वर्षं ज्या व्याकरणात ती बोलली, त्याच व्याकरणात ती दवाखान्यातही बोलणार. तिला ‘तुला कशाची भीती वाटते?’ असं विचारलं असतं तर ती म्हणाली असती, “मले कायची भीती? माहं काय आता.” आणि मी ते प्रामाणिकपणे नोंदवून सही केली असती. म्हणजे जुन्या लेखातल्याप्रमाणे प्रश्न विचारूनही मी चुकलोच असतो.

आपल्या नाटक-चित्रपटांत हे कसं येतं, हेही या निमित्ताने पुन्हा पाहिलं. राजेश मापुसकरांचा ‘व्हेंटिलेटर’ २०१६चा. दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळालं. गणपतीच्या तोंडावर कामेरकरांचा थोरला माणूस यंत्रावर आहे आणि सगळा गोतावळा दवाखान्यात जमलाय. चित्रपट हसवतो, रडवतो, दवाखान्याच्या कॉरिडॉरचं इतकं खरं चित्रण मराठीत मी दुसरं पाहिलेलं नाही. पण त्याने एक सोय करून घेतली आहे : ज्याच्याबद्दल ठरवायचं, तो बोलू शकत नाही. त्यामुळे गोष्ट मुलाची होते, बाप-मुलातल्या जुन्या अढीची होते. बाप शुद्धीत असता आणि गौरीच्या नैवेद्याबद्दल किंवा गावच्या घराच्या कौलांबद्दल बोलत राहिला असता, तर त्या जमलेल्या नातेवाइकांपैकी कोणाला ते उत्तर वाटलं असतं? तो चित्रपट जास्त अवघड झाला असता. मला तो पाहायला आवडला असता.

याउलट यवतमाळ जिल्ह्यातल्याच पारव्याच्या महेश एलकुंचवारांनी ‘वाडा चिरेबंदी’त, १९८५ साली, हे नेमकं ओळखलं होतं. त्या वाड्यात तात्याजी गेलेले आहेत, मुलं खर्चावरून आणि वाटणीवरून भांडताहेत, आणि म्हातारी दादी पुन्हा पुन्हा वेळ विचारत राहते, किती वाजले म्हणून. घरातल्यांना तो आवाज भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीसारखा सवयीचा झालेला आहे. प्रेक्षकालाही होतो. मी ते नाटक पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दादीच्या वाक्यांवर लोक हसले होते, मीही हसलो होतो. समीक्षकांनी त्यात काळाचं प्रतीक वगैरे पाहिलं, ते चूक नाही. पण प्रतीक म्हटलं की वाक्य बोलणाऱ्या बाईकडून काढून घेतलं जातं. वेळ विचारणाऱ्या म्हातारीला कदाचित खरंच वेळ हवी असते, आणि ती का हवी आहे हे कोणी विचारत नाही.

अलीकडे ‘जीवित इच्छापत्रा’बद्दल बरंच लिहून येतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ला त्याला मान्यता दिली, २४ जानेवारी २०२३ला पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. चांगलंच आहे. पण ते इच्छापत्र माणूस पुढे बोलण्याच्या स्थितीत राहणार नाही त्या काळासाठी आहे. माझी आई बोलण्याच्या स्थितीत होती, आणि बोललीही होती.

आता राहतो तो मजकूर. दोनच वाक्यं आहेत : तुळशीला पाणी कोण घालतं, आणि संडास अंगणापलीकडे आहे, पावसात फरशी निसरडी होते. ताम्रपटातली झिजलेली अक्षरं लावताना जो नियम आम्ही पाळतो तोच इथे लावून पाहतो : आधी शब्द जसेच्या तसे घ्या, मग संदर्भ, आणि हवा तो अर्थ सर्वांत शेवटी. ताईला मी ही वाक्यं सांगितली तेव्हा ती रडली आणि म्हणाली, म्हणजे तिला चालायचं होतं, स्वतःच्या पायाने जायचं होतं. आप्रेशनाला तिचा हो होता, मीच उगाच नको म्हणत होते. ज्या ताईने कापाकापी नको म्हटलं, तिला त्यात होकार दिसतो. माझ्या बायकोने आईचं चौदा महिने सगळं केलं. ती म्हणते, नाही. त्यांना ठाऊक होतं की आता अंगण ओलांडणं काही व्हायचं नाही, आणि दुसऱ्याच्या हाताने ते सगळं होणं त्यांना नको होतं; त्या नको म्हणत होत्या. भाऊ म्हणतो, दादा, तू फार विचार करतोस.

मला दोन्ही वाचनं शक्य वाटतात. ऑपरेशननंतर आम्ही तिच्या खोलीच्या कोपऱ्यात संडास बांधून घेतला, तेवीस हजार लागले. तिला तो कधी आवडला नाही. खोलीत असलं काही असू नये, असं ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी ती वॉकर घेऊन मागच्या दारापर्यंत आली होती. पाऊस नुकताच थांबला होता. उंबऱ्याशी उभी राहून तिने बराच वेळ अंगणातल्या ओल्या फरशीकडे पाहिलं. मी मागे उभा होतो. “काय माय?” म्हटलं. ती म्हणाली, “काई नाई. तुयशीखालचं गवत काढाले सांग कोनाले.” मी त्याच दिवशी ते काढून घेतलं.